शनिवारी बंद असलेले दुकान

धागा : एक जुना फ्रेंच विनोदी बोलपट, कोकणातले शनिवार तेली आणि मुंबईच्या पडद्यावरचे ज्यू

१/
वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत इमारतींच्या तळमजल्यावर गाळ्यांच्या रांगा आहेत. किराणा, औषधे, झेरॉक्स, बेकरी, सोनार. पाटीवरचे आडनाव वाचून मालक कुठला हे ओळखण्याचा खेळ आपण सगळेच नकळत खेळतो. हा कच्छी, तो मारवाडी, पलीकडचा मंगळुरी, कोपऱ्यावरचा वसईचा ख्रिस्ती. आडनावाच्या मागोमाग एखादा विनोदही येतो. अमके चिक्कट, तमके भोळे. बहुतेक वेळा त्यात विष नसते. पण असा विनोद निरुपद्रवी केव्हा असतो आणि केव्हा नसतो? आजचा धागा या प्रश्नाचा आहे. त्याचे एक टोक पॅरिसमध्ये आहे आणि दुसरे आपल्या कोकणात.

२/
१९३० साली फ्रान्समध्ये आंद्रे ह्यूगों या दिग्दर्शकाचा ‘लेव्ही आणि कंपनी’ हा विनोदी बोलपट आला. हेच ह्यूगों वर्षभर आधी फ्रान्सचा पहिला बोलपट मानल्या जाणाऱ्या ‘तीन मुखवटे’चेही दिग्दर्शक होते. बोलपट नवा, प्रेक्षक उत्सुक, आणि विषय रंगभूमीवर पिढ्यानपिढ्या चाललेला : ज्यू दुकानदार. हा प्रकार इतका चालला की लेव्ही मंडळींच्या दुकानाचे पुढचे भागही निघाले. १९३५ मध्ये ‘मोईज आणि सालोमों, अत्तरवाले’, १९३६ मध्ये ‘कुमारी लेव्हीची लग्ने’. या चित्रपटांत द्वेषाची आरोळी नव्हती. व्यापारी चलाखी, पैशाची ओढ, घासाघीस, घरातली भांडणे आणि शेवटी समेट, असा तो मामला.

३/
मग ज्यू म्हटले की दुकानदारच का? मध्ययुगीन युरोपात अनेक ठिकाणी ज्यूंना जमीन धारण करता येत नसे. कारागिरांच्या संघांची दारे बहुधा बंद असत. उरे तो व्यापार, सराफी आणि व्याजबट्टा. आधी एका समाजाला गल्ल्यावर बसवायचे आणि नंतर गल्ला हाच त्याचा स्वभाव ठरवायचा, असा हा क्रम. फ्रेंच राज्यक्रांतीने हे चित्र कायद्यापुरते बदलले. २७ सप्टेंबर १७९१ रोजी फ्रान्सने ज्यूंना समान नागरिकत्व दिले. ही तारीख लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

४/
कायदा बदलला तरी रंगभूमीवरचा ज्यू बदलला नाही. त्याची ठेवण ठरलेली होती. पडदा वर गेला की दोन क्षणांत प्रेक्षक त्याला ओळखत. हसण्यासाठी आधी ओळख लागते आणि वारंवार हसल्याने ओळख पक्की होते. १९३०च्या दशकातला पॅरिसकर लेव्हींवर हसत बाहेर पडे, तेव्हा त्याच्या मनात वैर असेलच असे नाही. मात्र ‘ज्यू म्हणजे दुकान’ हे समीकरण तो पुन्हा एकदा घरी घेऊन जाई.

५/
जून १९४० मध्ये पॅरिस जर्मनांच्या हाती पडले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २७ सप्टेंबर १९४० रोजी, जर्मन लष्करी प्रशासनाने हुकूम काढला : व्याप्त प्रदेशातील ज्यूंनी आपली नोंद करावी आणि ज्यू मालकीच्या दुकानांवर तसा फलक लावावा. पिवळ्या कागदावर काळी अक्षरे, जर्मन आणि फ्रेंच अशा दोन भाषांत : ‘ज्यू दुकान’. नागरिकत्व मिळाल्याला त्याच दिवशी १४९ वर्षे पूर्ण होत होती.

६/
काही दुकानदारांनी त्या फलकाशेजारी पहिल्या महायुद्धातली आपली पदके आणि सेवेची प्रमाणपत्रे मांडली. त्याचा उपयोग झाला नाही. पुढच्या टप्प्यात दुकानांवर परके व्यवस्थापक नेमण्यात आले आणि मालकी काढून घेण्यात आली. ३ ऑक्टोबर १९४० च्या विशी सरकारच्या कायद्याने ज्यूंना सरकारी नोकऱ्यांबरोबर चित्रपट व्यवसायातूनही हाकलले. १६ आणि १७ जुलै १९४२ या दोन दिवसांत पॅरिस परिसरात फ्रेंच पोलिसांनी १३,१५२ माणसे पकडली. त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. युद्ध संपेपर्यंत फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यूंना मृत्युछावण्यांकडे धाडण्यात आले. परतले ते दोन-अडीच हजार.

७/
येथे सावधपणे बोलायला हवे. विनोदी बोलपटाने हा संहार घडवला नाही. तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु पिवळा फलक ज्यांनी वाचला त्यांना तो नव्याने समजावून द्यावा लागला नाही. ‘लेव्ही आणि कंपनी’ ही पाटी त्यांच्या ओळखीची होती. काल ती तिकीट काढून पाहिली होती, आज ती हुकमाने लावली होती. दोन पाट्यांमध्ये फक्त दहा वर्षे होती.

८/
आता आपल्याकडे येऊ. फ्रेंच रंगभूमीवरचा ज्यू दुकानदार मुंबईत पोहोचला, आणि तोही बोलपटाच्या कितीतरी आधी. २३ फेब्रुवारी १८३५ रोजी पॅरिसमध्ये ‘ला ज्युइव्ह’, म्हणजे ‘ज्यू स्त्री’, हे संगीत नाटक रंगमंचावर आले. संहिता युजेन स्क्रीब यांची, संगीत फ्रॉमांताल हालेव्ही यांचे. हालेव्ही स्वतः ज्यू होते. नाटकाचा काळ १४१४, आणि मुख्य पात्र एलिआझार नावाचा ज्यू सोनार.

९/
नाटकाची सुरुवात नीट पाहा. ख्रिस्ती सणाचा दिवस आहे. चर्चमधून प्रार्थनेचे सूर येत आहेत आणि शेजारच्या दुकानातून एलिआझारच्या हातोडीचे ठोके. आमच्या सणाला हा काम करतो, म्हणून जमाव खवळतो. संकट तेथून सुरू होते. गुन्हा काय, तर इतरांच्या सुट्टीच्या दिवशी दुकान उघडे ठेवले.

१०/
हे कथानक इंग्रजी रूपांतराच्या वाटेने भारतात आले. पारशी रंगभूमीचे थोर नाटककार आगा हश्र काश्मिरी यांनी १९१०च्या दशकात त्यावरून ‘यहूदी की लडकी’ हे उर्दू नाटक रचले. ख्रिस्ती सत्ताधाऱ्यांच्या जागी त्यांनी रोमन आणले. १९३३ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने त्याचा बोलपट केला, त्यात कुंदनलाल सैगल होते. १९५८ मध्ये बिमल रॉय यांनी ‘यहूदी’ काढला. ज्यू जवाहिऱ्या एझ्राच्या भूमिकेत सोहराब मोदी, त्याच्या घरी वाढलेल्या हॅनाच्या भूमिकेत मीनाकुमारी आणि ज्यू तरुणाच्या वेषात तिच्या घरी येणारा रोमन राजपुत्र दिलीपकुमार.

११/
म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने पडद्यावर पाहिलेला ज्यू हा पल्लेदार उर्दू बोलणारा, रोममधला, रत्ने विकणारा म्हातारा होता. तो साकारला एका पारशी नटाने. आणि त्याच वेळी खरेखुरे ज्यू कुठे होते? अलिबाग, रोहे, पेण, चौल, मुरुड इथे. मराठी बोलत, नऊवारी नेसत, गावावरून पडलेली पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर अशी आडनावे लावत. स्वतःला ते बेने इस्रायल म्हणत. शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत.

१२/
त्यांची परंपरागत कथा अशी : पूर्वज ज्या गलबतातून येत होते ते अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. कोकणात त्यांनी तेलाचा घाणा धरला. पुढे कित्येक पिढ्या धर्माच्या थोड्याच खुणा टिकल्या : मुलांची सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी खाणे, ‘शेमा’ ही प्रार्थना, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणे. नवस फेडताना एलियाहू पैगंबराच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करण्याची त्यांची रीत तर पूर्णपणे या मातीतली.

१३/
‘शनिवार तेली’ या नावाकडे जरा थांबून पाहू. महाराष्ट्रात ‘सोमवार तेली’ही होते. सोमवार महादेवाचा, घाण्याचा बैल महादेवाचा नंदी, म्हणून ते सोमवारी बैलाला विसावा देत. गावाच्या दृष्टीने हिशोब सरळ होता. यांचा घाणा सोमवारी बंद, त्यांचा शनिवारी बंद. तेल केव्हा मिळणार नाही एवढे गिऱ्हाइकाला ठाऊक असले की पुरे.

१४/
आता दोन दुकाने शेजारी ठेवा. युरोपच्या कल्पनेतला एलिआझार दुसऱ्यांच्या सणाला दुकान उघडे ठेवतो आणि जमाव त्याच्यावर धावून येतो. कोकणातला तेली स्वतःच्या पवित्र दिवशी दुकान बंद ठेवतो आणि शेजारी त्याला त्या वारावरून नाव ठेवतात. दोन्ही ठिकाणी वेगळेपण दुकानाच्या फळीवरूनच कळते. एकीकडे ते अपराध ठरते, दुसरीकडे वार.

१५/
पण याचे गोड चित्र रंगवून थांबता येणार नाही. तेली हा शब्द जातीच्या उतरंडीत खालच्या पायरीवरचा होता. गावाने या समाजाला सामावून घेतले ते समान म्हणून नव्हे, तर आणखी एक जात म्हणून. जातीची ती रीत समाजाच्या आतही उतरली. ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल असा भेद होता, रोटी-बेटीपर्यंत पाळला जाणारा. सहनशीलता आणि समता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोकणात पहिली होती, दुसरी नव्हती.

१६/
शिवाय याच किनाऱ्यावर दुसरा अनुभवही आहे, आणि तो आपल्या वसईच्या दाराशी आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांची होती आणि सुरुवातीच्या काळात मुंबई बेट वसईच्या अखत्यारीत. सोळाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेटाचा इजारा गार्सिया द ऑर्ता या वैद्याकडे होता. १५६३ मध्ये गोव्यात छापलेला, भारतीय वनौषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ प्रसिद्ध आहे. ऑर्ताचे आईवडील सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंपैकी होते. १५६० मध्ये गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालय सुरू झाले. १५६८ मध्ये ऑर्ता वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये ऑर्ताची हाडे थडग्यातून काढून तीही जाळली. समुद्र तोच, किनारा तोच. शनिवार पाळण्याची किंमत मात्र कोण राज्य करतो यावर ठरत होती.

१७/
अठराव्या शतकात बेने इस्रायल मुंबईकडे सरकू लागले. घाणा सुटला आणि कंपनी सरकारच्या पलटणी आल्या. पलटणीतले समाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. समाज त्याला साध्या शब्दात ‘मशीद’ म्हणे. मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडल्याचे सांगतात. १८७९ मध्ये ठाण्यातही सिनेगॉग उभे राहिले. पुढे रेल्वे, टपाल, इस्पितळे, शाळा यांतून हा समाज स्थिरावला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर मोशे, दावीद यांच्या कथांवर मराठीत, टाळ-झांजांच्या साथीने, ज्यू कीर्तने होऊ लागली.

१८/
याच काळात मुंबईत दुसरे ज्यू आले : बगदादी. डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत आले. अफू, कापूस, गिरण्या, गोदी असा त्यांच्या घराण्याचा कारभार वाढला. कुलाब्याची ससून गोदी, भायखळ्याचे आणि पुण्याचे सिनेगॉग ही त्यांची स्मारके. ‘ज्यू म्हणजे व्यापारी’ हे चित्र मुंबईत कोणाला लागू पडत असेल तर यांना. कोकणी बेने इस्रायलांना बगदादी मंडळी बहुधा अंतरावरच ठेवत. धर्म एक असला तरी वर्ग आणि वर्ण यांचे हिशोब सुटत नाहीत.

१९/
आता पुन्हा बोलपट. ‘लेव्ही आणि कंपनी’ १९३० चा. पुढच्याच वर्षी, १४ मार्च १९३१ रोजी, गिरगावातल्या मॅजेस्टिक चित्रगृहात भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ लागला. तो ज्या नाटकावर आधारला होता त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर. आडनाव पाहा : पेणचे बेने इस्रायल. म्हणजे फ्रान्सच्या पहिल्या बोलपटांत ज्यू हा विनोदाचा विषय होता, तर भारताच्या पहिल्या बोलपटाचा कथाकार ज्यू होता आणि कथा होती एका राजपुत्राची.

२०/
मूकपटांच्या काळात सर्वांत जास्त गाजलेली तारका सुलोचना, म्हणजे पुण्यात जन्मलेली बगदादी ज्यू रूबी मायर्स. आधी ती टेलिफोन ऑपरेटर होती. १९२७ च्या मोहन भवनानी दिग्दर्शित ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये तिने आठ भूमिका केल्या : पोलीस शिपाई, माळी, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचे पोर, केळी विकणारी, सोनेरी केसांची युरोपीय बाई. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला.

२१/
आणि विनोदाच्या प्रांतातला आपला माणूस : डेव्हिड. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. जन्म १९०९. पहिला चित्रपट भवनानींचाच, १९३७ चा ‘झँबो’. ठेंगणी मूर्ती, टक्कल आणि डोळ्यांत मिस्किल प्रकाश. ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधला जॉन चाचा त्याने केला आणि फिल्मफेअर पुरस्कार मिळवला. ‘सत्यकाम’मध्ये तो रुस्तम नावाचा पारशी, ‘खट्टा मीठा’मध्ये सोली नावाचा पारशी, ‘बातों बातों में’मध्ये वांद्र्याचा ख्रिस्ती अंकल टॉम आणि ‘गोल माल’मध्ये डॉक्टर केदार.

२२/
ही यादी पुन्हा वाचा. ख्रिस्ती, पारशी, हिंदू. ज्या भूमिकांनी डेव्हिड घराघरात पोहोचला त्यांत चेऊलचा बेने इस्रायल कुठेच नाही. पडद्यावर ज्यू होता तेव्हा तो सोहराब मोदींच्या रूपात रोममध्ये होता. खरा ज्यू मात्र सगळ्यांचा काका होऊन शेजारच्या खुर्चीत बसला होता.

२३/
मग आपल्याकडे ‘लेव्ही आणि कंपनी’ का निघाला नाही? मला दोन कारणे दिसतात. एक सुखाचे : या समाजाबद्दल हसण्याजोगी ठरीव प्रतिमाच तयार झाली नाही, कारण आपल्या गर्दीत तो एक समाज होता, एकमेव ‘परका’ नव्हे. दुसरे तितके सुखाचे नाही : आपण त्यांना पुरेसे पाहिलेच नाही. ज्याची ओळख नाही त्याची टवाळी होत नाही, पण त्याची गोष्टही सांगितली जात नाही. टवाळीपासून वाचणे आणि विसरले जाणे यांत अंतर आहे, आणि बेने इस्रायल त्या अंतरात राहिले.

२४/
युरोपातून पळालेल्या काही ज्यूंना मुंबईने आसरा दिला. आकाशवाणीच्या सुपरिचित सूचक धुनेशी ज्यांचे नाव जोडले जाते ते वॉल्टर काउफमान, आणि भवनानींसाठी पटकथा लिहिणारे बर्लिनचे समीक्षक विली हास, हे त्यांपैकी. पण ब्रिटिश सरकारचे परवान्यांचे दार अरुंद होते. जामीन मिळाला तर प्रवेश, नाहीतर नाही. मुंबईतल्या ज्यूंनी १९३४ मध्ये मदत संस्था काढून अनेकांसाठी तो जामीन दिला.

२५/
स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्रायल वीस हजारांच्या आसपास होते. बहुतेक पुढे इस्रायलला गेले. कोणी हाकलले म्हणून नव्हे, ओढीने गेले. तेथे त्यांच्यापुढे वेगळाच प्रश्न आला. हे खरे ज्यू का, यांच्याशी लग्ने लावावीत का, अशी शंका तिथल्या धर्मपीठाने घेतली. मोठे आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. तेथे आज ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघते. येथे उरलेल्या काही हजारांना महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला. डेव्हिडही अखेरीस कॅनडात गेला आणि तिथेच वारला.

२६/
तर आपला पहिला प्रश्न. पाटीवरचा विनोद निरुपद्रवी केव्हा असतो? इतिहासाचे उत्तर मला असे दिसते : विनोदाचा सूर सौम्य होता की कडवट, याने फारसे ठरत नाही. लेव्हींवरचा विनोद सौम्यच होता. ती पाटी लावणे आणि काढणे मालकाच्या हाती आहे की सत्तेच्या, याने ठरते. कोकणातल्या तेल्याने शनिवारी घाणा स्वतः बंद केला आणि रविवारी स्वतः सुरू केला. पॅरिसच्या दुकानदाराला फलक लावायला सांगण्यात आले आणि पुढे दुकानही त्याचे राहिले नाही.

२७/
उद्या खाली दूध आणायला उतराल तेव्हा गाळ्यांच्या पाट्या पुन्हा एकदा वाचा. कोणाचा गाळा कोणत्या दिवशी बंद असतो हे आपल्याला ठाऊक असते. का बंद असतो, हे एकदा विचारून पाहा. शनिवार तेल्यांना त्यांच्या गावाने हा प्रश्न नीट विचारला असता, तर त्या नावामागचे सारे गलबत आपल्याला कितीतरी आधी भेटले असते.

(धागा समाप्त)